डोकं फिरतंय

लातूर
९ डिसेंबर २०२४

प्रिय अक्का,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून "हिला आता काय झालं" असं म्हणाली असशील. काही झालं नाही. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या रेघा येतात आणि पुढं काहीच नाही. म्हणून म्हटलं पत्रच टाकावं. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात आलेला कागद तू वाचल्याशिवाय सोडत नाहीस. भज्याच्या पुडीचा कागदसुद्धा तू तेल पुसून वाचतेस.

अव्वाचा गुडघा कसा आहे? आता आईची तब्येतही पत्रातूनच विचारायची. सकाळी उन्हात बसते का? भावजींची तूर निघाली असेल. इकडं आमच्या डाळमिलमध्ये तुरीचे ट्रक लागायला सुरुवात झाली आहे, म्हणजे आता संक्रांतीपर्यंत मान वर करायला सवड नाही. यांची बदली लोह्याला झाली, ते फक्त शनिवारी येतात. त्यामुळं घरी आले की भिंतींशी बोलायचं. भिंती बिचाऱ्या ऐकून घेतात, उलट काही बोलत नाहीत.

ऑफिसात सध्या एक नवीनच सोंग आलंय. मालकांनी पुण्याहून एक सर बोलावले. "माणूस ओळखा, काम वाढवा" म्हणून दोन दिवसांचं शिबिर घेतलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं जगातली सगळी माणसं चार रकान्यांत बसतात. तापट, बोलका, सोशिक आणि काटेकोर. मला आपलं वाटत होतं की आपल्या घरात पाच माणसं होती तीच चार रकान्यांत मावली नसती. पण मी कामगार अधिकारी, मी असं बोलून कसं चालेल? मान हलवली आणि वहीत उतरवून घेतलं.

मग सगळ्या कामगारांचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडं आलं. एकशे बारा माणसं. एकेकाला बोलवायचं, वीस प्रश्न विचारायचे, उत्तर लिहायचं आणि शेवटी रकान्यावर खूण करायची. सरांनी बजावून सांगितलं होतं, "मॅडम, कामगार जो शब्द वापरेल तोच जसाच्या तसा लिहा. स्वतःचं काही घालू नका. माणूस शब्दात सापडतो." प्रश्न तर असे पुणेरी की विचारू नकोस. "आपण सहकाऱ्यांशी मोकळेपणाने संवाद साधता का?" आमचा प्रीतम म्हणून एक हमालांचा मुकादम आहे, तो म्हणाला, "हाव मॅडम, तोंडात तंबाखू नसली तर." मी तेही जसंच्या तसं लिहिलं आणि बोलका या रकान्यात त्याला बसवलं. दोन दिवस हसून हसून पोट दुखलं.

आता सरांचा अहवाल आलाय आणि त्यावरून थोडी गडबड चालू आहे. विशेष काही नाही. वीरण्णा नावाचा एक माणूस आहे, तिसऱ्या मजल्यावर चाळणी बघतो. सेहेचाळीस वर्षांचा असेल, मिलमध्ये चौदा वर्षं झाली. वर जायला लोखंडी शिडी आहे, सरळ उभी, दिवसातून सात-आठ वेळा चढउतार करावी लागते. गप्प माणूस. नुसत्या आवाजावरून सांगतो की दाणा ओला आलाय. त्याच्या फॉर्ममध्ये "कामावर कशाचा त्रास होतो?" याच्यापुढं उत्तर आहे, "डोकं फिरतंय, लई फिरतंय." मी शब्दशः लिहिलं. सरांनी सांगितलं होतं तसंच. खूण तापट या रकान्यावर केली, कारण डोकं फिरणाऱ्या माणसाला दुसरीकडं कुठं बसवणार?

नेमकं त्याच आठवड्यात सुपरवायझरनं लिहून दिलंय की वीरण्णानं शिडीवर प्रीतमला धक्का दिला. दोन्ही कागद एकत्र आले, आणि मॅनेजर उमाशंकर साहेब म्हणाले, हा माणूस धोक्याचा आहे, तिसऱ्या मजल्यावर असला माणूस ठेवायचा नाही. वीस तारखेला बैठक आहे. बहुतेक त्याला कामावरून कमी करतील. मी काय करणार? मी तर शब्दशः लिहिलं होतं.

बरं, एक सहज विचारायचं होतं. अव्वाला मागं चक्कर यायची ना, दवाखान्यात न्यायचो तेव्हाची, तेव्हा ती काय म्हणायची गं? नेमका शब्द. मला आठवतोय, पण खात्री करून घ्यावी म्हटलं. घाई नाही, पण वीस तारखेच्या आधी कळव. फोनवर दोन शब्द टाकलेस तरी चालेल.

सगळ्यांना नमस्कार.

तुझी
तनू


लातूर
१६ डिसेंबर २०२४

अक्का,

तुझा मेसेज गुरुवारी आला. सात महिन्यांनंतरचा पहिला. "तली तिरगतद. तुला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. तू असं विचारणार हेही माहीत होतं. तरी मी का विचारलं, सांगू? मला वाटलं, तू दुसरंच काही तरी सांगशील. अव्वा म्हणायची तो शब्द वेगळाच असेल, मग मी सुटले. आता सुटका नाही.

तली तिरगतद. डोकं फिरतंय. आपल्याकडं अव्वापासून शेजारच्या आजीपर्यंत चक्कर आली की सगळ्या हेच म्हणतात. देगलूरकडचा कानडी माणूस मराठीत बोलायला लागला की तोच शब्द उचलून मराठीत ठेवतो. आणि मराठीत त्याचा अर्थ होतो, माझं टाळकं सटकतं. वीरण्णा कुठला आहे, हे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं नाही. आपल्या गावापासून दोन कोसांवरचा आहे तो. जत्रेला तूही त्याचं गाव ओलांडून गेलेली आहेस.

म्हणजे तो बिचारा सांगत होता की वर चढल्यावर मला चक्कर येते. आणि मी त्याच्यापुढं तापट अशी खूण केली.

तुला वाटेल, चूक झाली, जाऊन सांग आणि मोकळी हो. मलाही दिवसातून दहा वेळा असंच वाटतं. मंगळवारी मी साहेबांच्या केबिनपर्यंत गेले. आत जाऊन रजेच्या यादीबद्दल बोलले आणि बाहेर आले. बुधवारी पुन्हा गेले, तेव्हा संक्रांतीच्या सुट्टीचं विचारलं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना?"

कारण ती नुसती चूक नाही. साहेब पहिलं काय विचारतील? "तुम्हाला कसं कळलं?" मग मला सांगावं लागेल की मला कानडी येतं. आणि इथं चार वर्षं सगळ्यांना माहीत आहे की मला येत नाही.

मी इथं लागले त्या दिवशी मिल बघायला फिरत होते. वीरण्णा चाळणीपाशी उभा होता. माझं गाव त्याला कुणीतरी सांगितलं असणार. त्याचा चेहरा असा उजळला, जणू माहेरचंच कुणी आलंय. "ऊटा आयतेनु, अव्वा?" जेवण झालं का, एवढंच विचारलं त्यानं, आपल्याकडं कुठल्याही बाईला म्हणतात तसं अव्वा म्हणून. माझ्या बरोबर साहेब होते, दोन सुपरवायझर होते. ते आधीच त्याला "कानडी अप्पा" म्हणून हसत होते, कारण तो "बाई आला, गाडी गेला" असं बोलतो. मी म्हटलं, "मला कानडी येत नाही." तो माझ्याकडं बघत राहिला. मग मान हलवून म्हणाला, "बरं मॅडम." त्या दिवसापासून मी त्याची मॅडम.

लहानपणी नांदेडच्या होस्टेलमध्ये पोरी मला "एनु-होनु" म्हणून चिडवायच्या ते तुला आठवतंय. मी रडून घरी आले होते. मग मी असं मराठी शिकले की कुणाला कानडीचा वास येऊ नये. हे कारण झालं. पण कारण देऊन पुढचं झाकत नाही. मागच्या वर्षी एका सुपरवायझरच्या निरोपाच्या जेवणात मी वीरण्णाची नक्कल केली. "साहेब, मशीन बिघडला, तो लई रडतो." सगळे खो खो हसले. माझ्याइतकी चांगली नक्कल कुणालाच जमत नाही, असं म्हणाले. जमणारच. मी घरात जन्मापासून तेच ऐकत वाढले. वीरण्णा पलीकडच्या पंगतीत बसला होता. तोही थोडासा हसला.

अव्वाचं मी आतापर्यंत लिहिलं नाही. तू सात महिने ज्यासाठी फोन उचलत नाहीस ते. तू बरोबर आहेस. मे महिन्यात अव्वा गुडघ्याच्या डॉक्टरसाठी माझ्याकडं आली, तेव्हा साहेबांच्या मिसेस घरी आल्या होत्या. अव्वा त्यांना कानडीत म्हणाली, बस, सरबत घे. नशीब, पंख्याच्या आवाजात त्यांना ते नीट ऐकू आलं नाही. त्या आत हात धुवायला गेल्यावर मी अव्वाला म्हटलं, "मराठीत बोलायला जमत नसेल तर गप्प बस." ती गप्प बसली. त्या बाई गेल्यावरही गप्प बसली. चार दिवस गप्प बसली. पाणी हवं असलं तर बोटानं तांब्या दाखवायची. पाचव्या दिवशी पिशवी भरून दारात उभी राहिली आणि मी तिला स्टँडवर सोडून आले. मी तुला फोनवर सांगितलं की तिला लातूरचं पाणी मानवलं नाही.

शुक्रवारी मी धीर करून वीरण्णाला नळापाशी गाठलं. मराठीतच विचारलं, "वीरण्णा, तुम्हाला चक्कर येते का?" तो एकदम सावध झाला. म्हणाला, "न्हाई मॅडम. माझा तब्येत चांगला हाय." आता चक्कर म्हटली तर काढून टाकतील, एवढं त्यालाही कळतं. फॉर्म भरताना तो म्हणाला होता, "कुणाला सांगू नका." तेवढं मात्र मी फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं. शब्दशः कसलं.

मग प्रीतम आला. प्रीतम बोलतो खूप पण खोटं बोलत नाही. म्हणाला, "मॅडम, त्यानं मला ढकललं न्हाई. पडायला लागलता, म्हणून धरलं मला. लांबून दिसलं ढकलल्यावानी." मी म्हटलं, तसं बैठकीत सांग. तो म्हणाला, "सांगतो की. पण माझं कोण ऐकायलंय? कागद तुमचाय. ते म्हणतेत त्यानं सोता कबूल केलंय."

माझ्या खिडकीतून ती शिडी दिसते. आठ वाजता चढतो, सव्वानऊला उतरतो, पुन्हा साडेदहाला. मी दुसरं काम करत नाही. तो वर जाताना मी पायऱ्या मोजते, चौतीस आहेत. विसाव्या पायरीवर तो थांबतो, कपाळ लोखंडाला टेकवतो आणि मग पुढं जातो. परवा तो तिथं नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले आणि उभीच राहिले. ओरडायचं म्हटलं तर काय ओरडणार?

आणखी एक आहे. ते लिहायला मी तीन कागद फाडलेत.

वीरण्णा दुपारच्या सुट्टीत बायकोला फोन लावतो. माझ्या खिडकीखालीच, कारण तिथं रेंज येते. मोठ्यानं बोलतो. या बाईला काय कळतंय, असं त्याला वाटतं ना. दसऱ्यापासून तो तिला सांगत होता की चढताना डोकं फिरतं, विसाव्या पायरीला डोळ्यापुढं अंधार येतो, डावा कान सारखा वाजतो, पोरीच्या परीक्षा होईपर्यंत कसंही करून काढायचं. बायको रडायची, तो तिला समजवायचा. मी फाइल पुढं धरून ऐकायचे.

अक्का, फॉर्म पंधरा दिवसांपूर्वी भरला. मला दोन महिने आधीपासून माहीत होतं. तो समोर बसून "डोकं फिरतंय" म्हणाला, तेव्हा मला एका क्षणात कळलं होतं. पुण्याचे सर शेजारी बसले होते. मी खाली मान घालून लिहिलं.

तू फोन कर. नाहीतर शिव्या लिहून पाठव. शुक्रवारी अकरा वाजता बैठक आहे, त्याच्या आधी.

तनुजा


लातूर
२१ डिसेंबर २०२४

अक्का,

तुझा फोन आला नाही. बरंच झालं. तू "सांग" म्हणाली असतीस तर मी तुझ्या भरवशावर सांगितलं असतं, आणि वाईट झालं तर तुझ्यावर ढकललं असतं. मला माझा स्वभाव आता चांगला कळलाय, त्याला पुण्याच्या सरांची गरज नाही.

काल बैठक झाली. उमाशंकर साहेब, पुण्याचे सर, सुपरवायझर आणि मी. समोर वीरण्णा. त्यानं धुतलेला सदरा घातला होता आणि केसांना तेल लावलं होतं. त्याला बसायला सांगितलं तरी तो उभाच राहिला. प्रीतमला आधी बोलावलं. त्यानं मला सांगितलं होतं तेच सांगितलं. साहेब म्हणाले, "तू त्याचा दोस्त आहेस, बाहेर थांब." प्रीतम जाताना माझ्याकडं बघून गेला.

मग सरांनी फॉर्म वाचला. "कामावर डोकं फिरतंय, लई फिरतंय." म्हणाले, इतकं स्वच्छ उत्तर फार कमी लोक देतात. साहेबांनी वीरण्णाला विचारलं, "तू असं बोलला का?" तो म्हणाला, "बोलला साहेब." साहेब म्हणाले, "मग झालं तर. मॅडम, पत्र तयार करा."

मी म्हटलं, "साहेब, फॉर्म चुकीचा आहे."

"म्हणजे? तुम्हीच भरलाय."

"शब्द त्याचेच आहेत. अर्थ चुकीचा आहे. त्याला राग येत नाही, त्याला चक्कर येते. त्यांच्या भाषेत चक्कर येण्याला डोकं फिरणं म्हणतात." एवढं बोलले आणि लक्षात आलं, मी त्यांच्या भाषेत असं म्हटलं. अजूनही. मग म्हटलं, "आमच्या. आमच्या भाषेत. माझ्या आईची भाषा कानडी आहे."

मी वीरण्णाकडं वळून कानडीत विचारलं, अण्णा, तली तिरगतदेनु? चार वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं होतं, त्याचा चेहरा उजळेल त्या पहिल्या दिवसासारखा. मी मनातल्या मनात तेवढं बक्षीस घेऊन बसले होते बघ.

तो लाल झाला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "निनग तिळीतित्तु," म्हणाला. म्हणजे, तुला सगळं कळत होतं तर. पहिल्यांदा हळू म्हणाला. मग दुसऱ्यांदा असा ओरडला की बाहेरचे लोक दारात आले. त्यानं दोन्ही हात टेबलावर आपटले, साहेबांचा चहा सांडला, आणि अक्का, जो माणूस चौदा वर्षांत कुणावर आवाज चढवून बोलला नव्हता, तो मला घडाघडा बोलत सुटला. सगळं कानडीत.

सुपरवायझर म्हणाला, "बघा साहेब. म्हणे तापट न्हाई." सर वहीत काहीतरी लिहायला लागले. साहेब माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "काय म्हणतोय हा? शिव्या देतोय का?"

आता बघ. त्या खोलीत ते कळणारी मी एकटी. मी म्हटलं असतं, "तो विनवण्या करतोय, चक्कर येते म्हणतोय," तर त्याचंही निभावलं असतं आणि माझंही. मी म्हटलं असतं, "हो, शिव्या," तर तो तिथल्या तिथं बाहेर. माझ्या जिभेवर पहिलंच आलं होतं. पण तो माझ्याकडं बघत होता. त्याला मराठी बोलता नीट येत नाही, पण ऐकून सगळं कळतं. मी काय सांगते ते तो ऐकणार होता.

मी सांगितलं. एकेक वाक्य. तो बोलायचा, मी मराठीत म्हणायचे.

"तो म्हणतो, ही बाई चार वर्षं माझी भाषा समजत होती. तो म्हणतो, मी हिच्या खिडकीखाली बायकोशी बोलायचो, हिनं सगळं ऐकलं. मी वर मरायला लागलो होतो हे हिला दसऱ्यापासून माहीत होतं. तो म्हणतो, हिनं माझी नक्कल केली तेव्हा मी हसलो, मला वाटलं शहरातली बाई आहे, हिला काय कळतंय आपलं. तो म्हणतो, परक्यानं हसलं तर चालतं." पुढचं वाक्य मी गाळायला बघत होते. साहेब म्हणाले, "पुढं?" मी म्हटलं, "तो म्हणतो, हिच्या आईनं हिला पाजलं ते पाणी होतं काय."

एवढं बोलून तो खुर्चीवर बसला आणि रुमालानं तोंड पुसलं.

उमाशंकर साहेब कडक आहेत पण आंधळे नाहीत. त्यांनी सांडलेल्या चहावर जुना पेपर टाकला. मग म्हणाले, "याला कुणालाही राग आला असता." त्यांनी वीरण्णाला सगळ्यांसमोर विचारलं, चक्कर येते का, आणखी काय होतं. तो माझ्याकडं न बघता मराठीत बोलला. "हाव साहेब. कान वाजून राहिला. पर काम सोडला तर पोरीचा कसा?" साहेब म्हणाले, काम कोण सोड म्हणतंय, शिडी सोड.

दुपारी त्याला कानाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. कानाच्या आतला दोष आहे, औषधानं पुष्कळ आटोक्यात येईल, पण उंचावर पाय ठेवायचा नाही असं सांगितलं. आजपासून तो खाली माल तपासणीच्या टेबलावर आहे. ओंजळीत दाणे घेऊन बघतो, तिथं त्याच्याइतका जाणता दुसरा कुणी नाही. हे दोन महिन्यांपूर्वीसुद्धा करता आलं असतं. मी फक्त तोंड उघडायला पाहिजे होतं.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. सात दिवसांत उत्तर द्यायचंय. जानेवारीत माझं कंत्राट संपतं, ते पुढं करतील का नाही, माहीत नाही. साहेब त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. यांना अजून सांगितलं नाही, आज संध्याकाळी लोह्याहून आले की सांगेन. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण ती शिडी बघताना वाटायची तशी नाही. ही आपल्यापुरती आहे.

सकाळी मी वीरण्णाच्या टेबलाशी गेले. कानडीत म्हटलं, अण्णा, माझं चुकलं. त्यानं दाणे चाळता चाळता मराठीत उत्तर दिलं, "काम हाय मॅडम." आणि मान वर केली नाही. प्रीतम तिथंच होता. माझ्या मागं मागं दारापर्यंत आला आणि म्हणाला, "मॅडम, आठ-पंधरा दिस जाऊ द्या. नाहीतर वरीस जाऊ द्या. त्येनं माफ करावं म्हणून तुम्ही सांगितलं न्हाई ना?"

आता तुझ्याकडं एक मागणं आहे. ही तिन्ही पत्रं अव्वाला वाचून दाखव. तिला मराठी वाचता येत नाही, आणि तू वाचलेलं मराठी तिला अर्धं कळेल, अर्धं ती कळल्यासारखं करेल. म्हणून आपल्या भाषेत सांग. तू माझी बहीण आहेस, वाचता वाचता तुझी जीभ कुठं तरी मऊ पडेल. पाडू नको. मे महिन्यात मी तिला काय म्हटलं ते तिनं ऐकलंच आहे, पण मी ते लिहून कबूल केलंय, हे तिला कळू दे. लातूरच्या पाण्याचं जे खोटं मी तुला सांगितलं तेही सांग. वीरण्णा तिच्या दुधाबद्दल जे म्हणाला तेसुद्धा गाळू नको. तिला राग येईल. येऊ दे. ती मोठ्यानं बोलली तर फोन लाव आणि तिच्या तोंडाशी धर. मी उचलीन, आणि मधे बोलणार नाही.

काहीही न गाळता सांग म्हणणारी,
अव्वाची धाकटी
तनू